जीपची झूल

...न्हाई न्हाई, नखानं उचकटू नका भाऊ, निघत न्हाई ते. तुमीच न्हाई, ह्या जीपला मागं लटकणारा हरेक माणूस तेच करतो, शिटा भरेस्तोवर हाताला काम पाहिजे ना, मंग स्टेपनीखाली ते लाल दिसलं की लाव नख! तळहाताएवढा तुकडा हाय. किती पावसाळे खाल्ले त्यानं, चिखल खाल्ला, ह्या डोंगरकडा गावच्या रस्त्याची समदी धूळ खाल्ली, पण कड सुदिक उचलली न्हाई. आन् तरीबी गावात कोणालाबी इचारा, हनुमान काय करतो, तर म्हणतील, काय न्हाई, त्याचं चिकटवलेलं टिकलं न्हाई म्हणून सासऱ्याची जीप चालवतो. बसा, बसा मावशी, टोपली पायापाशी ठिवा. अजून दोन शिटा यायच्यात, त्या आल्या की निघू, तवर तुमीच न्याय करा. कारण तुमाला सांगतो, हात माझा बराबर व्हता.

मी काय जन्माचा ड्रायव्हर न्हाई. कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रोडला, ढाब्याच्या बाजूला माझं सोताचं दुकान व्हतं. पत्र्याचंच, पण दुकान! बोर्ड मीच कापलेला, 'हनुमान आर्ट्स', पिवळ्यावर लाल, ट्रकचा उजेड पडला की असा चमकायचा की ड्रायव्हर उगंच ब्रेक मारायचे. नंबर प्लेटा, ट्रकच्या पाठीवरचे डोळे, ट्रॅक्टरवर लेकरायची नावं... ज्याच्या घरी पाळणा हलला तो आधी पेढे घ्यायचा आन् मंग माझ्याकडं यायचा. लोक समद्याला रेडियमच म्हणायचे. पण मी रेडियमवर थांबणारा माणूस न्हवतो. हिंगोलीला इब्राहीम उस्ताद, त्यायच्या हाताखाली मी ते नवं काम शिकलो, व्हिनाईलचं. म्हंजे गाडीला रंग द्यायचाच न्हाई, कांद्याच्या पापुद्र्यावाणी पातळ माल येतो, पाठ चिकट असलेला, तो अख्ख्या गाडीवर असा चढवायचा की बघणारानं हात लावून बी म्हणावं, रंगच हाय हो हा.

उस्ताद बोलायला लई कमी, पण एक गोष्ट रोज बोलायचे. "देख हनुमान, इस माल को पानी चलता, साबन चलता, चिकनाई नक्को. गाडी को उंगली का तेल बी लगा ना, तो तेरी मेहनत गई." मी सकाळी भजे खाऊन दुकानात गेलो तर आधी माझ्या हाताचा वास घ्यायचे, आन् वास आला की दिवसभर नुस्ता झाडू मारायला लावायचे. गाडी साबणानं धुवायची, वाळू द्यायची, मंग थिनरचा बोळा घेऊन इंच इंच पुसायची, दाराच्या फटीत काडीला कापड गुंडाळून पुसायची, मंग साबणाचं पाणी फवारायचं, त्याच्यावर माल सरकवत सरकवत जागेवर आणायचा, प्लास्टिकच्या पट्टीनं मधून भाईर पाणी हाणायचं, फुगा राहिला तर सुईनं टोचायचा, कडा आत मुडपायच्या आन् शेवटी समद्याला ऊब द्यायची. शिकलो की न्हाई मी? शिकलो. एक दिवस उस्तादानं माझं काम बोटानं चाचपलं, डोळे मिटून, आन् म्हणले, "हाथ बराबर है तेरा." ऐकलं ना? हे मी म्हणून न्हाई राहिलो, इब्राहीम उस्तादानं म्हणलेलं हाय.

पण हे सासऱ्याला कोण सांगणार? माझे सासरे अमृतराव, आमी मामा म्हणतो, केळीचा बाग, विहिरीला पाणी, गावात शब्दाला वजन, आन् एकुलती एक पोरगी दिपाली, ती मला दिली. काहून दिली ते त्यायलाच अजून कळलं न्हाई. लग्न झाल्यापासून त्यायच्या मनात एकच, जावयानं इथं डोंगरकड्याला यावं आन् शेत बघावं. "जावईबापू," मामा असे हळू बोलतात, कधी आवाज चढवत न्हाईत, तीच तर तकलीफ हाय, "पेरलेलं उगवतं. पाळलेलं दूध देतं. तुमी काय करता? एक वस्तू दुसऱ्या वस्तूला चिकटवता. ह्याला धंदा म्हणत्यात व्हय?" आन् घरजावई म्हंजे काय असतं ते तुमाला ठाऊक न्हाई भाऊ. आमच्या गावात एक व्हता घरजावई, त्याला उभ्या जन्मात कोणी नावानं हाक मारली न्हाई, अमक्याचा जावई, तमक्याचा जावई. तो वारला तवा कळलं लोकायला, त्याला बी नाव व्हतं. मी मनाशी ठरवलं व्हतं, काय बी झालं तरी आपली पाटी आपल्याच दारावर.

त्या साली दिपाली पंचमीला माहेरी आली. पंचमी झाली, राखी झाली, पोरीला पाठवायचं नाव न्हाई. मी न्यायला आलो, तर मामा जीपपाशी उभे, कमरेवर हात ठिवून. हीच जीप. तवा हिचा रंग कोणता व्हता इचारू नका. जुनी घेतलेली, वरून हिरवी, घासलं की पिवळी, अजून घासलं की गंज. आन् घेतली कशी? बैलजोडी इकून. आता त्यात एक भानगड झाली. मामाच्या बैलाला गावात पोळ्याचा मान व्हता, तोरणाखालून पहिले त्यायचे बैल निघायचे, त्यायच्या बापापासून. बैल गेले तवा गाव म्हणलं, अमृतराव, आता मान दुसऱ्याला द्या. मामा म्हणले, "काहून? ज्याच्या दावणीला जे हाय ते त्यानं आणावं. मह्या दावणीला जीप हाय, मी जीप आणतो." मारुतीपुढं लई वाद झाला म्हणे. शेवटी म्हातारे म्हणले, आणा बाबा, पण बैलावाणी सजवून आणा, असला खटारा देवापुढं उभा करू नका.

मंग मामानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा असं बघितलं हो, कामाच्या माणसाकडं बघतात तसं. "जावईबापू, जीपला झूल पाहिजे. तुमी ते बेगड चिकटवता ना?" बेगड! बैलाच्या शिंगाला चिकटवायची चमकी, संध्याकाळपस्तोर जिची वाट लागती, ती बेगड! म्हणलं मामा, व्हिनाईल. "तेच ते. लाल झूल करा, सोनेरी काठाची, वर माझं नाव. तोरणाखालून निघून घरी येस्तोवर टिकली, तर दिपाली तुमच्यासंगं नाक्यावर, मी परत शेताचं नाव काढणार न्हाई. गळली, तर दुकान मिटवायचं आन् इकडं यायचं. बोला." आन् हे चार माणसापुढं बरं का, पाणी प्यायला आलेल्या. मी इचार बी केला न्हाई. काहून करू? हात माझा बराबर व्हता.

उस्तादानं सोताच्या कपाटातला रोल काढून दिला. लाल असा की डोळ्यात भरावा, आन् काठाला सोनेरी वेगळा. पार्लरवाल्या बाईकडून केस वाळवायची मशीन बी आणून दिली, कडांना ऊब द्यायला. म्हणले, "जा, इज्जत का सवाल है." पोळ्याच्या आदल्या दिवशी मी इथं हजर. दुपारभर जीप घासली. साबण झाला, पाणी झालं, थिनर झालं. मामा बाजेवर बसून बघून राहिले, आन् माझी सासू चंद्रभागाबाई, त्यायला मी मामी म्हणतो, ती दारातून नाकाला पदर लावून. मामी म्हंजे देवमाणूस. कोणाला उपाशी जाऊ देत न्हाई. ह्या जीपला ती ढवळी म्हणती. हिरव्या जीपला ढवळी! म्हणलं काहून मामी? तर म्हणे धूळ बसली की ढवळीच दिसती. बैल होते तवा रोज सांजच्याला त्यायच्या तोंडात पहिली भाकर घालायची सवय, बैल गेले, सवय कुठं जाणार? ती भाकर जीपच्या बंपरवर ठिवायची. गल्लीतलं कुत्रं खाऊन जायचं. मामी सकाळी बघायची, भाकर गेली, समाधान.

"जावईबापू," मामी म्हणली, "किती चोळता हो तिला, कातडं निघल." म्हणलं मामी, चोळलं तरच माल बसतो. आन् आता ऐका, मी काय काय म्हणलं ते नीट ऐका, कारण समदं इथंच हाय. मी म्हणलं, मामी, आता हिला कोणी हात लावायचा न्हाई. तेल तर अजिबात न्हाई. हळद-कुंकू, निरंजन, नारळ, जे काय असंल ते उद्या, माल बसल्यावर. मामी म्हणली, "न्हाई बाई, कोण लावल तेल?" मामा म्हणले, "कोण लावल?" दिपाली आतून म्हणली, "कोणी न्हाई लावणार." समद्यायनी ऐकलं! मंग मी वरून ताडपत्री टाकली, चारी बाजूनं दोरी घेतली आन् माझी गाठ मारली. ही गाठ मी सोता काढलेली हाय, रोल बांधायला, दोन फेरे उलटे, एक सुलटा, शेपूट आत. दुनियेत दोनच माणसायला येती. एक मी आन् दुसरी दिपाली. लग्न नवं व्हतं तवा दुकानात बसून मीच तिला शिकवली, हात धरून. तवा नाक्याची धूळ बी गोड लागायची हो.

गाठ मारली न मारली तर मामा उठले. "चला जावईबापू, पारावर चलू. माणसं वाट बघून राहिली." मला बी बरं वाटलं, सासरा सोताहून पारावर नेऊन राहिला. तिथं कोणाची म्हैस आटली, कोणाच्या विहिरीला झरा लागला, समदं ऐकलं. घरी आलो, ताडपत्री बघितली, गाठ बघितली. दोन उलटे, एक सुलटा, शेपूट आत. जेवलो. असा झोपलो की घोरण्यानं म्हशी उठल्या म्हणे.

पोळ्याच्या सकाळी ताडपत्री काढली. कोरड्या फडक्यानं धूळ झटकली, साबणाचं पाणी फवारलं आन् देवाचं नाव घेऊन माल टाकला. बॉनेट, मडगार्ड, दारं, मागचा पत्रा. खरं सांगतो, माल जरा जास्तीच सरकून राहिला व्हता. पण साबणाच्या पाण्यावर सरकणारच की, त्याच्यासाठीच तर पाणी असतं. मला काय सपान पडलं? एक एक थेंब पट्टीनं भाईर काढला. ऊब द्यायला मशीन लावली तर लाईट गेलेली. सणाच्या दिवशी लाईट ऱ्हाती व्हय आपल्याकडं? मंग मामीची कोळशाची इस्त्री घेतली, निखारे भरले, आन् मालाला न टेकवता वरच्या वर फिरवली, कडा कडा धरून, माझे हात भाजले. शेवटी सोनेरी काठ, आन् बॉनेटवर हे एवढ्या अक्षरात 'अमृतराव'.

काय दिसत व्हती! गावातली लेकरं गोळा झाली, म्हातारे काठी टेकत आले. मामा घरातून फेटा बांधून निघाले, जीपपाशी थांबले. त्यायनी झुलीवरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवायचे तसा, आन् मला म्हणले, "पाव्हणं, हे काम हाय." डोळ्यात पाणी हो त्यायच्या. मी दिपालीकडं बघितलं. ती आईकडं बघून हसून राहिली व्हती. मला वाटलं, नवऱ्याचं कवतिक. मी मनातल्या मनात नाक्याच्या दुकानाला पुढून एक पडवी बी बांधून टाकली.

दुपार कलली, जीप मारुतीपुढं लागली. तोरण बांधलेलं, वाजंत्री चालू. पहिली आमची जीप, मी चालवायला, मामा बाजूला बसलेले, मागं दुसऱ्या मानाचे, गावातल्या वसरामचे बैल, त्याच्या मागं समद्या गावाचे. सकाळपस्तोर भुरभुर व्हती, आन् नेमकं तवाच ऊन पडलं. असं ऊन की बॉनेटवर भाकर भाजावी. आणि वसरामचा बैल, शहाणा, कधी कोणाला शिंग न लावणारा, तो जीपच्या कडंनं पार बॉनेटपस्तोर पुढं आला, मान लांब केली आन् आमचं मडगार्ड चाटलं. लोक हसले. मी बी हसलो. म्हणलं ढवळीवर जीव बसला वाटतं त्याचा. त्यानं परत चाटलं. मंग जो बसला चाटायला, वसराम कासरा ओढून ओढून थकला, बैल हालंना. जिथं चाटलं तिथली कड उचलली. मी काचेतून बघून राहिलो. म्हणलं न्हाई न्हाई, एवढीच उचलली असंल. तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या मडगार्डावरचा माल आपोआप सुटला. तिकडं तर बैल बी न्हवता!

मंग वारं आत शिरलं. झूल अशी फुगली, बॉनेटवर डोंगर झाला. वसरामच्या बैलानं कड तोंडात धरली आन् ओढली, आन् सर्रकन... काय सांगू, अर्धे अमृतराव बैलाच्या तोंडात आन् अर्धे बॉनेटवर. खरे अमृतराव माझ्या बाजूला बसलेले, फेटा बांधून, समोर बघून राहिलेले. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. तोरणाखालून आमी निघालो खरं, पयलेच निघालो, मान राहिला, पण मागं लाल फडकं दूरवर घासत, मागचे बैल बुजून राहिले, आन् लेकरं फडक्यावर पाय देऊन देऊन उरलेलं सोडवून राहिली. घरी आलो तवा जीप परत हिरवी. पिवळी. गंजकी.

मी उतरलो आन् खाली पडलेला माल उलटा केला. चिकट बाजू वर. तर पिवळी! हो भाऊ, पिवळी. माल आणला तवा पांढरी व्हती, मी सोता बघितलेली. बोट लावलं, चिकटलं न्हाई, घसरलं. वास घेतला. लोणी. हळद. आन् लोणी. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला, आदल्या दिवशी सांज कोणती व्हती? खांदेमळणीची! पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला लोण्यात हळद कालवून चोळत्यात, वर्सभर जू वाहून दुखलेला असतो म्हणून, आन् कानात सांगत्यात, आज आवतन घ्या, उद्या जेवाय या. तुमच्या घरी बी करतच असाल. पण बैलाला! मी मामीकडं बघितलं. मामी आरतीचं ताट घेऊन उभी, हसून राहिलेली.

"मामी, तुमी जीपची खांदेमळणी केली?"

"मंग? तुमी पारावर गेलता तवा. घरच्या म्हशीचं लोणी, हळद घातली, समद्या अंगाला चोळलं. ह्या दोन खांद्याला जास्ती." मडगार्डाला खांदे म्हणून राहिली व्हती ती. "मंग मऊ फडक्यानं पुसून बी घेतलं, म्हणलं जावयाला पिवळं दिसू न्हाई, काम हाय त्यायचं."

"मामी, मी म्हणलं व्हतं ना, तेल लावू नका?"

"तेल कुठं लावलं? लोणी लावलं."

आता बोला! कोणत्या कोर्टात जावं? मी मामाकडं वळलो. ती चार माणसं बी आलेलीच व्हती, त्यायला कोण सोडणार असला तमाशा. म्हणलं मामा, बघा, झूल माझ्यानं न्हाई गळली, लोण्यानं गळली, हे बघा पिवळं, हा बघा वास. मामानं वास घेतला. चारी माणसायनी वास घेतला. एक जण म्हणला, लोणी ताजं हाय. मंग मामा हळू बोलले, तसेच हळू, "जावईबापू, मह्या बापानं बैलाला झूल घातली, म्या घातली. दर साली आदल्या सांजेला खांदे मळले, लोण्यानंच मळले, आन् दुसऱ्या दिवशी झूल घातली. कधी गळली का? इचारा ह्यायला. खांदेमळणी ज्या झुलीला झेपत न्हाई, ती झूल कसली?" चारी माणसायनी मान हलवली. आन् खरं सांगू का, त्या घडीला मला बी पटल्यावाणी झालं, एवढा तो माणूस हळू बोलतो. पण मनात म्हणत व्हतो, हात माझा बराबर व्हता, हात माझा बराबर व्हता.

पण ते काहीच न्हाई. खरा दगा तर पुढंच हाय. मागच्या दारी म्हशीपाशी जाऊन बसलो, आन् एकदम आठवलं. गाठ! मामीला तर साधी सुरगाठ सुटत न्हाई, शेजारच्या बायकायकून सोडवून घेती. मंग ताडपत्री सोडली कोणी? आन् परत बांधली कोणी, दोन उलटे, एक सुलटा, शेपूट आत? दिपाली पाणी घेऊन आली. म्हणलं, गाठ कोणी बांधली? तिनं म्हशीपुढची वैरण सारली. म्हणलं दिपाली, गाठ कोणी बांधली?

"म्या," म्हणली. "आई म्हणली, खांदे मळल्याबिगर झूल घातली तर ती टिकत न्हाई. मला वाटलं तुमची टिकावी. मीच म्हणलं आईला, मडगार्डाला दोनदा लाव."

म्हणलं अगं मंग सकाळी एका शब्दानं सांगायचं ना? मी पाणी फवारत व्हतो तवा तू दारातच उभी व्हतीस!

"सांगितलं असतं तर तुमी पुसलं असतं."

मी तांब्या तोंडाला लावला. आन् ती पोरगी जाता जाता, म्हशीकडं बघत, माझ्याकडं न्हाई, म्हशीकडं बघत म्हणली, "आन् नाक्यावर ट्रकायच्या हॉर्ननं मला झोप बी येत न्हाई." हे तिनं काहून सांगितलं? तवाच काहून सांगितलं? मी अजून इचार करतो. जीप चालवता चालवता बी करतो, मागच्या महिन्यात त्या इचारात एक सीट उतरवायचं राहून गेलं, सासूबाईच व्हत्या कोणाच्यातरी, लई बोलल्या.

मशीन परत द्यायला हिंगोलीला गेलो तवा तो मालाचा तुकडा उस्तादापुढं ठिवला. उस्तादानं चष्मा लावला, बोट फिरवलं, वास घेतला. मला वाटलं आता म्हणतील, तेरी मेहनत गई. तर म्हणले, "हनुमान, मैं तेरे को तेल का बोला, पसीने का बोला, धूल का बोला. सास का बोलना रह गया. वो मेरी गलती." आन् मला चहा पाजला, आन् भजे पाजले... म्हंजे चारले. पहिल्यांदा. उस्तादानं सोता भजे मागवले, तवाच मला समजलं, माझं काम सुटलं. नाक्यावरचा बोर्ड मी सोता काढला. निघंना हो, पत्रा वाकला पण अक्षरं निघंनात, तसाच ढाब्यावाल्याला दिला, त्यानं उलटा करून चुलीला आडोसा केला.

तर भाऊ, तो तुकडा हाय ना तुमच्या हाताशी, स्टेपनीखाली, तो त्या झुलीचाच. तिथं मामीचा हात पोचला न्हाई, स्टेपनी आडवी आली. थिनर माझं, माल तोच, इस्त्री तीच, हात तोच. बघा ना कसा बसलाय. मी कितीदा मामाला म्हणलं, वाकून बघा एकदा. मामा म्हणतात, कंबर दुखती.

आल्या, आल्या दोन शिटा. या ताई, सरका थोडं, चार बसत्यात तिथं. आज ही आपली शेवटचीच फेरी बरं का, कोणी उशीर केला तर मी थांबणार न्हाई. उद्या पोळा हाय. म्हंजे आज सांजच्याला काय हाय? हां. मामी लोण्याचा गोळा घेऊन ओसरीवर बसली असंल. आता तिचे हात दुखत्यात, म्हणून जीपचे खांदे मीच मळतो. ती बाजूला उभी राहून सांगती, इथं राहिलं, तिथं राहिलं, मागं बी घाला. मी समदीकडं लावतो, स्टेपनीखाली मात्र लावत न्हाई. मंग मामी जीपच्या आरशापाशी तोंड नेऊन म्हणती, आज आवतन घ्या, उद्या जेवाय या. आन् वाटीत जे लोणी उरतं ना, ते वाया काहून घालवायचं, म्हणून माझ्या दोन्ही खांद्याला चोळती. "तुमी बी वर्सभर राबता, जावईबापू. आज आवतन घ्या, उद्या जेवाय या." पहिल्या साली मी म्हणलं, मामी, मी काय बैल हाय? तर मामा बाजेवरून हळूच म्हणले, "बैल तर आपण इकले."

आता मी काय म्हणत न्हाई. आधीच सदरा काढून उभा राहतो. लोण्या-हळदीचा डाग हो, साबण लावा, थिनर लावा, काय बी करा... निघत न्हाई तो.